फेरआकारणीच्या नोटिशीत मोजमाप का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या शहरात सध्या घरपट्टीसाठी मालमत्तांच्या चतुर्थ वार्षिक, म्हणजे दर चार वर्षांनी होणाऱ्या, फेरआकारणीच्या नोटिसा वाटल्या जात आहेत. खान्देशातले हे तालुक्याचे लहान गाव असून निम्मी वस्ती अजून जुन्या गावठाणातच राहते. नोटिशीत मालमत्ता क्रमांक, जुने करयोग्य मूल्य, नवे करयोग्य मूल्य आणि हरकतीची मुदत एवढेच छापलेले आहे. घराचे क्षेत्रफळ किती धरले, बांधकाम कोणत्या प्रकारात घातले, वापर निवासी धरला की वाणिज्य, आणि भाड्याचा दर कोणता लावला, यांचा त्यात कोठेही उल्लेख नाही. घरपट्टी कधीच वाढू नये असे माझे म्हणणे नाही. गटारी, दिवाबत्ती आणि सफाई यांना पैसा लागतो, हे मलाही समजते. माझा आक्षेप या चार गाळलेल्या गोष्टींना आहे.

महाराष्ट्र नगरपरिषद, नगरपंचायत व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 प्रमाणे करयोग्य मूल्य ठरविण्याची रीत सरळ आहे. मालमत्तेला वर्षाकाठी जे वाजवी भाडे येऊ शकेल, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उदाहरणादाखल, साठ चौरस मीटरला दर चौरस मीटरमागे महिन्याला दहा रुपये दर लावला, तर वार्षिक भाडे 7,200 आणि करयोग्य मूल्य 6,480 रुपये होते. चौथीतल्या मुलाला जमेल असे हे गणित आहे, पण त्यासाठी क्षेत्रफळ आणि दर हे दोन आकडे हातात असावे लागतात.

ते नसले म्हणजे काय होते, हे माझ्याच घरावरून सांगतो. घर वडिलोपार्जित, धाब्याचे. पांढऱ्या मातीच्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, वर सागवानी सऱ्या आणि त्यावर मातीचा थर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला तरी या भिंतींमुळेच आत बसवते. मोजणीसाठी एजन्सीची दोन मुले आली, तेव्हा आम्ही शेतात होतो. शेजाऱ्यांनी सांगितले, की त्यांनी लेझरचे यंत्र बाहेरूनच लावले, फोटो काढला आणि पुढच्या दाराला गेली. बाहेरून घर वीस बाय चाळीस, म्हणजे आठशे चौरस फूट भरते. आत टेप धरला, तर सोळा बाय छत्तीस, म्हणजे 576. मधल्या भिंती सोडून दिल्या, तरी 224 चौरस फूट नुसत्या मातीत जातात. भाडे राहत्या जागेचे येते, भिंतीच्या पोटाचे कोणी देत नाही. सिमेंट काँक्रीटच्या नव्या घराची भिंत नऊ इंचांची असते, त्यामुळे तिथे हा फरक थोडका राहतो. जुन्या घरात तो पाव हिश्शाहून अधिक आहे. माझ्या नोंदीत आठशे आहेत की 576, हे नोटिशीवरून मला कळू शकत नाही. धाब्याचे घर ‘पक्के’ म्हणून लिहिले गेले असेल, तर तेही कळत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका वृद्ध बाई नोटीस घेऊन आल्या. ‘‘हाई काय लिखेल शे, भाऊ?’’ असे त्यांनी विचारले. त्यांच्या ओट्यावरच्या खोलीत दहा वर्षांपूर्वी पिठाची गिरणी होती. आता तिथे सरपण आणि जुनी खाट आहे. गिरणीची पाटी मात्र अजून भिंतीवरच असल्यामुळे ती खोली वाणिज्य वापरात धरली गेली असावी, असे मला नव्या आकड्यावरून वाटते. खात्रीने सांगता येत नाही, हेच तर दुखणे आहे.

कायद्यात हरकत लेखी द्यायची असते आणि आकारणी कोणत्या बाबतीत मान्य नाही, हे तीत नमूद करायचे असते. मुदत किमान तीस दिवसांची असते. पण ज्याला मोजमापच सांगितलेले नाही, त्याने ते चुकले आहे हे लिहावे कसे? आकारणी यादी पाहण्याचा आणि तिच्यातून विनाशुल्क उतरवून घेण्याचा हक्क मालकाला आणि भोगवटादाराला आहे, ही गोष्टही नोटिशीत छापायला हवी होती. ती ठाऊक नसल्याने लोक कर विभागाच्या खिडकीवर ‘सुनावणीत सांगा’ एवढे ऐकून परत येतात.

माझी मागणी एवढीच आहे, की प्रत्येक नोटिशीबरोबर त्या घराच्या मोजणीची प्रत द्यावी, जिथे घर आतून मोजलेले नाही तिथे मालकासमक्ष पुन्हा मोजावे, आणि हरकतीची मुदत ती प्रत हाती पडल्यापासून धरावी. तोवर हातात असलेली मुदत वाया जाऊ नये, म्हणून ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या हरकती मी रोज सकाळी ओट्यावर बसून लिहून देतो. त्यांतल्या प्रत्येक अर्जात ‘आकारलेले क्षेत्रफळ’ यापुढे मला ‘कळविलेले नाही’ असेच लिहावे लागत आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व करदाता, खान्देश
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)