शाळा एक, अनुभव दोन

जिल्हा परिषद शाळांविषयी पालकांचे परस्परविरोधी अनुभव मांडणारा आपला लेख वाचला. एकाच शाळेबद्दल एक पालक समाधानी, दुसरे नाराज; माझ्या मते दोघेही खरेच बोलतात. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० विद्यार्थ्यांच्या पटापर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे पहिली ते चौथीचे चार वर्ग दोघांत. त्यातल्या एकाची बदली झाली किंवा निवडणुकीचे काम लागले, की दोन वर्ग उघड्यावर. तेव्हा अनुभव ठरतो तो मूल कोणत्या वर्षी, कोणाच्या हाताखाली होते यावर. याच कायद्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. दाखला काढण्याआधी नाराज पालकांनी रिक्त पदाचा प्रश्न तिथे लेखी मांडावा. समिती केवळ सह्यांपुरती असेल, तर तेही इतिवृत्तात येऊ द्या!

– एक पालक, कराड