बस पोहोचत नाही तिथे प्लॉट पाडू नका

महोदय,

खान्देशातली माणसं गावाकडून जळगाव-धुळ्याला आणि तिथून सुरत, नाशिक, पुण्याला सरकत आहेत. याची चर्चा होते ती रोजगाराच्या अंगाने. पण माणूस राहायला कुठे आणि कसा जातो, यावर त्याच्या घरामागे हवेत किती कार्बन जातो हेही ठरतं.

सुरतेत उधन्याच्या एका खोलीत पाच जण राहतात, कारखान्यात पायी जातात. त्यांचा वाटा नगण्य असतो. तेच कुटुंब जिल्ह्याच्या गावाबाहेर सात-आठ किलोमीटरवर, केळीच्या किंवा कापसाच्या शेतात पाडलेल्या प्लॉटवर घर बांधतं, तेव्हा गणित पालटतं. दूध आणायला गाडी, क्लासला गाडी, ड्युटीला वेगळी गाडी. एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो.

आणि ते घर! आपली जुनी धाब्याची घरं मे महिन्यात पारा ४५ वर गेला तरी पंख्यावर निभावून न्यायची. मातीच्या जाड भिंती, छतावर मातीचा थर. आज त्यांना कुलपं आहेत. नव्या घराची स्लॅब दिवसभर तापते, रात्री तीच धग खाली सोडते. आधी कूलर येतो, मग एसी. दीड टनाचा एसी रात्रभर चालला की आठ-दहा युनिटं सहज जातात. आपली बहुतेक वीज अजून कोळशाची, त्यामुळे एका रात्रीचा सहा-सात किलो कार्बन डायऑक्साइड झाला. बांधकामाच्या सिमेंटचं तर वेगळंच. भट्टी कशावरही चालवा, सिमेंटसाठी चुनखडी भाजताना त्या दगडातूनच हा वायू सुटतो.

म्हणून कोणी ‘गावातच राहा’ असं सांगू नये. शाळा, दवाखाना, पगार जिथे, तिथे माणूस जाणारच, आणि गावातल्या चुलीचा धूर आयाबहिणींनी का सोसावा? चूक आहे ती शहर वाटेल तसं पसरू देण्यात. केंद्राने २०२३ मध्ये ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेत १०,००० बस जाहीर केल्या. आपल्या शहरांच्या वाट्याच्या बस जुन्या बाजारपेठेतच न फिरवता बाहेरच्या कॉलन्यांपर्यंत न्याव्यात. कामाचं ठिकाण किती लांब आणि जाता कशाने, हे २०११ च्या जनगणनेत विचारलं होतं. २०२७ मध्ये ही माहिती पुन्हा हाती आली, तर बसमार्ग तिच्यावरूनच आखावेत. तोवर बस जात नाही अशा जागी नव्या ले-आउटला मंजुरी देऊ नये, ही जिल्हा प्रशासनाला कळकळीची विनंती.

— एक वाचक, पाचोरा