समोरचा गुलमोहर काढायचा ठरवलंय

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज जड होतो आणि बाबा लगेच हवापाण्याचं बोलू लागतात, म्हणून लिहिते आहे. समोरचा गुलमोहर काढायचा मी ठरवलं आहे. दादाशी बोलणं झालंय, त्याचाही होकार आहे. झाड तपासून गेलेल्या तज्ज्ञांचा अहवाल सोबत जोडलाय, पण त्यात सगळे आकडेच आहेत. त्यांचा अर्थ काय, आणि दुसरा मार्ग का सापडला नाही, ते मी सांगते. आधी पूर्ण वाचा, मग काय रागवायचं ते रागवा.

आई, तू एकच विचारतेस: एवढं हिरवंगार झाड, यंदा फुललंसुद्धा भरभरून, मग त्याला झालंय तरी काय? अगं, पानांना पाणी पोचवतो तो खोडाचा सालीलगतचा थर. आतला गाभा पार कुजला तरी हा थर शाबूत असेपर्यंत पानं हिरवीच राहतात. जाड मुळं खालच्या अंगाने कुजत जातात आणि त्यांचा वरचा जिवंत भाग पाणी ओढत राहतो. वादळात मुळांसकट उलटलेली झाडं बघ, त्यातली कितीतरी पडली त्या दिवशी हिरवीगार असतात. पानांवरून झाडाचं पोट भरतंय एवढंच कळतं. ते उभं कशाच्या आधारावर आहे हे बघायला बुंध्याशी वाकावं लागतं.

बुंध्याशी काय आहे ते तुम्हा दोघांना माहीत आहे. पावसाळ्यात तिथे फळीसारखी कडक, वरून तपकिरी चकचकीत आणि कडेने पांढरी बुरशी येते, ती बाबा कोयत्याने काढून टाकतात. तिचं नाव गॅनोडर्मा. बाहेर दिसतं ते तिचं नुसतं फळ, खरी बुरशी आत लाकडात आणि मुळांत पसरलेली असते. फळ बाहेर दिसेपर्यंत आतली कूज बरीच पुढे गेलेली असते. त्यामुळे वरून खरवडून किंवा औषध फवारून ती जात नाही. मोरचूद, चुना, हळद, कुणी काही सुचवलं तरी आता खर्च करू नका.

तज्ज्ञांनी आधी लाकडी हातोड्याने बुंधा सगळीकडून ठोकून पाहिला. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ जागी बद्द आवाज येतो. फाटकाच्या बाजूला तो बद्द आला. मग बारीक सुईसारखं गिरमिट आत घालून लाकडाचा प्रतिकार मोजला. त्या जागी खोडाचा घेर 190 सेंटीमीटर आहे, म्हणजे व्यास साधारण 60 आणि त्रिज्या 30. पोकळ झालेल्या खोडात निरोगी लाकडाची भिंत त्रिज्येच्या निदान 30 टक्के हवी असा ढोबळ नियम आहे, म्हणजे इथे 9 सेंटीमीटर. आपल्याकडे घराच्या बाजूला 11 भरली, डावी-उजवीकडे 8 आणि 7, आणि फाटकाकडे फक्त 4. त्यातून आपल्या ढोलीला बाहेर तोंड आहे, आणि तोंड उघडं असलं की 9 सुद्धा पुरत नाहीत. ढोलीत सिमेंट भरलं त्या काळी सगळे तसंच करायचे, झाड वाचवण्याचा तोच उपाय मानला जायचा, तेव्हा बाबा, ते मनाला लावून घेऊ नका. सिमेंट वाऱ्याबरोबर हलत नाही, खोड हलतं. मग मधल्या फटीत पाणी साचून राहतं. पण भरलं नसतं तरी ही बुरशी आलीच असती, कारण ती वरून आलेली नाही, मुळांतून वर चढली आहे.

मुळांचं सांगते. गटाराची चारी खोडापासून 1.2 मीटरवरून गेली. खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत, म्हणजे इथे 1.8 मीटरच्या आत, जाड मुळं तोडली की झाडाची पकडच जाते. तोडलेल्या टोकांतून बुरशीला वाट मिळते, आणि परिणाम दिसायला वर्षं लागतात. त्या वेळी कोण काय म्हणालं होतं ते आता उकरायला नको. मुद्दा एवढाच की तुटली ती फाटकाकडची मुळं. झाड घराकडे झुकू लागलं तर त्याला मागून दोरासारखं ओढून धरायचं काम नेमकं त्यांचंच होतं.

आणि झाड झुकू लागलंय. दादाच्या लग्नातल्या फोटोत खोड सरळ आहे. आता 2 मीटर उंचीवरून ओळंबा सोडला तर तो घराच्या बाजूला बुंध्यापासून 14 सेंटीमीटर दूर टेकतो. नुसत्या कलण्याला मी घाबरले नसते. फाटकाकडे जमिनीला कमानीसारखी भेग पडली आहे आणि तिथली माती किंचित उचलली गेली आहे. झुकाव एकीकडे आणि त्याच्या पाठीमागे माती वर आलेली, म्हणजे मुळं जमिनीत सरकताहेत. आई, ती भेग तू माती टाकून बुजवतेस ना? नको बुजवूस. मोठा पाऊस आणि वारा एकत्र आला की ती रुंदावते का, हेच तर बघायचं असतं.

यातली एकच खूण असती तर मी झाडाला हात लावू दिला नसता. नुसती ढोली असलेली झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात, वर्षातून एकदा तपासलं की झालं. इथे बुरशी, तुटलेली मुळं, पातळ भिंत आणि नवा झुकाव, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. त्या दिशेला बाबांची खोली आहे. झाड 11 मीटर उंच आणि भिंत 4 मीटरवर, त्यामुळे पडलं तर ते अंगणात मावणार नाही. झाड पडू शकतं का एवढ्यावर निर्णय होत नसतो, पडलं तर कुणावर, हेही तितकंच बघतात. खाली मोकळं रान असतं तर हाच गुलमोहर मी खुशाल मरेपर्यंत उभा ठेवला असता. कधीकधी खालची वस्तू हलवून झाड वाचवता येतं. बाक हलवता येतो, गाडी हलवता येते. बाबा, गुडघ्यांच्या ऑपरेशननंतर तुम्हाला कायमचं जिन्यावरून वरच्या खोलीत कसं पाठवू? आणि मागची खोली ओल धरणारी, तिथे चार दिवस ठीक, पण कायमचं नको.

फांद्या छाटून भागेल का, हे मी खोदून खोदून विचारलं. फांद्यांचा पाव भाग कमी केला तर वाऱ्याचा जोर घटतो, पण मुळांतली कूज थांबत नाही. त्याहून जास्त, शेंड्यापासून बोडका केला तर उपासमारीने झाड आणखी खचतं, आणि नंतर फुटणारे धुमारे वरवर चिकटलेले असतात, ते जाड झाले की मोडून पडतात. पोलादी दोराने बांधायचं म्हटलं तर तो दोन फांद्यांच्या बेचक्याला आधार देतो, जमिनीतून सुटणाऱ्या बुंध्याला नाही. टेकू लावायला घराकडच्या बाजूला जागाच नाही.

आई, आता तुझा तो मागचा कडुनिंब. वाकडा आहे, कधीतरी डोक्यावर पडेल, तोच काढा, असं तू म्हणत आली आहेस. त्याचीही तपासणी करून घेतली आणि तो ठणठणीत निघाला. तो वाकलाय लहानपणीच. वर जाताना शेंडा पुन्हा सरळ झालाय, बुंध्याशी माती सलग आहे, भेग नाही, ठोकला तर टणक वाजतो. असा जुना कल झाडाने स्वतःच सांभाळलेला असतो. त्याची मुळं सांडपाण्याच्या नळीत शिरली, तेही त्याच्या माथी मारू नकोस. मुळं धड नळी फोडत नाहीत, गळक्या सांध्यातून आत येतात. सांधा नीट करून घ्यायचा. फक्त दोन वठलेल्या फांद्या काढायच्या, आणि तेही नखाने साल खरवडून बघितल्यावरच. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. फांदी बुंध्यालगत साफ कापू देऊ नका, तिच्या मुळाशी फुगीर कडं असतं ते शाबूत ठेवायचं, जखम तिथूनच भरून येते. वर रंग किंवा डांबर फासायचं नाही.

त्या गुलमोहराच्या बेचक्यात बसून मी पाढे म्हणायचे आणि बाबा, तुम्ही खाली हात पसरून उभे असायचात, एकोणतिसाच्या पाढ्याला तर नक्कीच. मला झाड नकोय असं समजू नका. तुम्ही दोघं हवे आहात.

आता मी जे सांगते ते तसंच करायचं.

बाबांचा पलंग आजच मागच्या खोलीत. उद्या नाही, आज. शेजारच्या मुलांना हाक मारा, स्वतः उचलू नका. उशाशी दिवा आणि बेल लागेल, ती सोय दादा करून देईल. रात्री उठताना चप्पल पायात हवी, तिथली फरशी गार असते.

परवानगीचा अर्ज दिला आहे, फोटो आणि अहवाल जोडून. कागद हातात येईपर्यंत एकही फांदी तोडू द्यायची नाही, कुणी कितीही ओळखीचा असला तरी. कोयता आणि दोर घेऊन आलेला माणूस "चढतो आणि उतरवतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. पोकळ बुंध्यावर माणूस चढवायचाच नसतो, वर फांदी सुटली की त्या झटक्याने खोड मोडू शकतं. आपल्याकडे क्रेनच्या पाळण्यातून, शेंड्यापासून खाली, तुकडे दोराने बांधून उतरवणार आहेत. ज्यांना काम दिलंय त्यांच्याकडे कामगारांचा विमा आहे, तो मी पाहून घेतलाय. सुरू करण्याआधी ढोलीत आणि फांद्यांत घरटी बघायला सांगितलंय, अंडी किंवा पिल्लं दिसली तर आधी मला फोन. खांबावरून घरात येणारी तार वीज कार्यालयाकडून बंद करून घ्यावी लागेल. घरातला मुख्य स्विच पाडला म्हणजे ती तार बंद झाली असं समजू नका, ती चालूच असते. त्या दिवशी दादा येणार आहे. तुम्ही दोघांनी मागेच बसायचं. बाबा, मी परत सांगते, सूचना द्यायलाही पुढे यायचं नाही.

बुंधा जमिनीखाली 30 सेंटीमीटरपर्यंत यंत्राने दळून घ्यायचा आणि बुरशी धरलेली जाड मुळं निघतील तेवढी काढायची. तिथे रॉकेल ओतून जाळणं वगैरे काही नको. खड्डा मातीने भरला तरी उरलेली मुळं कुजत गेल्याने तो दबत राहील, तेव्हा फाटकाकडून चालताना जपा आणि दर पावसानंतर भर घाला. भुसा भिंतीला टेकून ढिगात ठेवू नका, वाळवीला आमंत्रण होतं. चिकण मातीत मोठं झाड गेलं की जमीन पाणी धरून फुगते आणि कधी भिंतीला तडा जातो. आपलं झाड घराच्या नंतरचं, म्हणून ती भीती कमी, तरी केसासारखा तडा दिसला तर त्याच्या टोकाशी पेन्सिलने तारीख लिहून ठेवा.

सावलीचं मला सगळ्यात जास्त वाटतं. दुपारनंतरचं ऊन थेट बाबांच्या खिडकीवर येणार. आतून पडदा लावून खोली थंड राहत नाही, ऊन काचेच्या बाहेर अडवावं लागतं. म्हणून खिडकीबाहेर बांबूची चीक, भिंतीपासून वीतभर पुढे, आणि ओट्यावर हिरवी जाळी. हे झाड काढायच्या आधी बसवून होईल. आई, तुझी दुपारची आरामखुर्ची तिथेच राहील.

नवीन झाड कुठलं ते तूच ठरव, मी मध्ये बोलणार नाही. फक्त त्याच खड्ड्यात नको, बुरशी मातीतल्या मुळांत उरलेली असते. घरापासून 5-6 मीटर लांब, मध्यम उंचीचं. खड्डा रोपाच्या मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण गोळ्याइतकाच खोल. खोड जिथे मुळांकडे रुंदावतं तो भाग मातीवर दिसला पाहिजे, आणि फरशी बुंध्यापर्यंत आणायची नाही. खणायला माणूस लावा.

गोळ्या वेळेवर घ्या. रात्री फोन करते, तेव्हा दोघांनीही बोलायचं.

तुमची,
ताई

ता. क. : खोडात ठिकठिकाणी खिळे आहेत, कपड्यांच्या दोरीचे, दिव्याच्या माळेचे, आणि झोपाळ्याचा तो लोखंडी आकडा तर सालीने गिळलाय. करवतीची साखळी त्यावर आपटली तर तुटून उडते. बाबा, कुठे कुठे आहेत ते तुम्हालाच माहीत. दादाला बरोबर घेऊन, वारा नसताना, खडूने खुणा करून ठेवा, आणि सिमेंट किती खोल गेलंय तेही त्याला सांगा.