सव्वा महिना थांबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ नोव्हेंबरला जागतिक अकाली जन्म दिन येतो. त्या दिवशी आपल्या अंकात काचेच्या पेटीतल्या बाळाचा फोटो येईल, डॉक्टरांचे चार शब्द येतील. त्याआधी एका आजीचेही छापावे. अकाली जन्मलेल्या नातीचे डोळे वेळेत न तपासण्याची जी चूक सांगणार आहे, ती निम्मी माझीच आहे.

एप्रिलमध्ये माझ्या मुलीला एकतिसाव्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. ती सासरी होती, मंगळवेढा तालुक्यात. तिथल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी तिला गाडीत बसवण्याआधी डेक्सामेथासोनचे इंजेक्शन दिले. बाळाची फुप्फुसे लवकर तयार व्हावीत म्हणून ते आईला देतात, बारा-बारा तासांनी चार. त्या बाईंचे उपकार फिटणारे नाहीत. सोलापुरात पोचल्यावर नात झाली, वजन १३५० ग्रॅम. ‘सातमाशी जगतं, आठमाशी जगत नाही’ हे मी लहानपणापासून ऐकलेले. डॉक्टरांना ते बोलून दाखवले तर म्हणाले, “आजी, उलटं आहे. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ सुखरूप.”

पुढचे चोवीस दिवस एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, दाराबाहेर काढले. फुप्फुसे उघडी ठेवणारा द्राव अशा बाळांत पुरेसा तयार झालेला नसतो, म्हणून नाकाला सतत दाबाने हवा देणारी सीपॅपची नळी. मध्येच श्वास घ्यायचे विसरते, म्हणून कॅफीन. कॉफीत असते तेच! आतडी नाजूक, म्हणून आईचे दूध नळीने, थेंबाथेंबाने मोजून. बाहेर ४२ अंश ऊन, तरी बाळाचे पाय गार पडायचे. मी नवी कोरी सोलापुरी चादर घेऊन गेले, तर सिस्टर म्हणाल्या, “चादर राहू द्या, आईला पाठवा.” उघड्या छातीशी उघडे बाळ, वरून पदर. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी ही कांगारू पद्धत सुरू केली. आमच्याकडे दुपारची पाळी जावयांची असायची. पहिल्या दिवशी लाजले, नंतर उठेनात.

चोविसाव्या दिवशी बाळ-बाळंतीण माझ्याकडे आल्या. फाईलमध्ये औषधांच्या खाली इंग्रजीत एक ओळ होती: आरओपी (अकाली बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार) तपासणी आणि तारीख. मुलगी दमलेली, जावई बिलाच्या खिडकीपाशी. ही ओळ आम्हाला कुणी वाचून दाखवली नाही. मुलीने घरी फाईल चाळताना विचारले तेव्हा मीच म्हणाले, “डोळे छान आहेत की तिचे, दिव्याकडे बघते. सव्वा महिना होऊ दे, मग काढू बाहेर.” पस्तीस वर्षे शाळेत शिकवलेली बाई मी.

आता समजले ते असे. डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटातल्या साधारण सोळाव्या आठवड्यापासून वाढू लागतात आणि पूर्ण दिवस भरता भरता कडेपर्यंत पोचतात. बाळ आधीच बाहेर आले की वाढ अर्धवट राहते. त्यात ऑक्सिजन गरजेपेक्षा जास्त झाला तर ती आणखी बिघडते. मग वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात, पडदा ओढतात, कधी सोडवूनच टाकतात. बाहेरून डोळा निर्मळ दिसतो. बाहुली पांढरी दिसू लागली तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून आपल्या देशात ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅम व त्याहून कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचे असतात, २८ आठवड्यांआधीच्या बाळाचे दोन-तीन आठवड्यांतच. आणि एकदा पाहून भागत नाही, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा जावे लागते. म्हणजे आमचा सव्वा महिना नेमका या तारखेच्या पलीकडे संपतो!

आम्ही वाचलो ते सहा आठवड्यांच्या लसीमुळे. लस टोचणाऱ्या ताईंनी वजन विचारले, मग डोळ्यांचे विचारले. त्याच दुपारी थेंब घालून तपासणी झाली. दोन्ही डोळ्यांना आजार निघाला आणि दुसऱ्या दिवशी लेसर केले. “उशीर झालाय, पण वेळ गेलेली नाही,” डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून मी सव्वा महिन्याचे नाव काढलेले नाही.

रुग्णालयांना विनंती एवढीच, की डिस्चार्जच्या कागदावर डोळे तपासायची तारीख सगळ्यात वर, ठळक आणि मराठीत लिहा. आपल्या गावात बरीच घरे तेलुगू-कन्नड बोलणारी, तेव्हा त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. आणि सांगताना आजीला समोर बसवा, घरात तिचेच चालते. आशाताई अठ्ठाविसाव्या दिवशी घरी येतात, तेव्हा वजनाबरोबर हेही विचारले तर दोन दिवस हातात उरतात. खर्चाची धास्ती असणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे: सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचे उपचार एक वर्षापर्यंत मोफत आहेत आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा आजार आहे. कानांची तपासणीही चुकवू नये.

नात आता सात महिन्यांची आहे. “अजून बसत नाही?” असे शेजारणी विचारतात. तिचे वय आम्ही पाच महिने धरतो, कारण दोन महिने ती आधी आली. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच. काल पालथी पडली आणि माझ्या चष्म्याची काडी ओढली.

आपल्या अंकात रोज पंचांग येते. १७ तारखेला त्याच्या शेजारी ‘३० दिवस’ एवढी चौकट टाकता आली तर पाहावे.

आपली,
एक वाचक (निवृत्त शिक्षिका), जुळे सोलापूर
(कृपया नाव छापू नये.)