रंगाखाली झाकलेली लाली

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

विषय : सनबेड आणि स्प्रे टॅन एकत्र देण्याचा प्रकार थांबवण्याबाबत

महोदय,

माझ्या धाकट्या बहिणीच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, एक तीळ होता. आता तिथे टाक्यांची बारीक रेघ आहे. त्या तिळापायी हे पत्र लिहायला बसले आहे.

एका समारंभाआधी तिने टॅनिंग सलूनमध्ये दोन्ही गोष्टींचं पॅकेज घेतलं. एक दिवसाआड सनबेड, म्हणजे रंग चढावा म्हणून अतिनील किरणांच्या दिव्यांखाली पडायचा पलंग, आणि शेवटच्या दिवशी त्यावरून उठल्या उठल्या स्प्रे टॅन, म्हणजे अंगावर फवारलेला तपकिरी रंग. दिव्याने रंग आतून येतो, स्प्रेने वरून बसतो, दोन्ही मिळून जास्त दिवस टिकतो, असं तिला सांगण्यात आलं. कोणतं औषध चालू आहे का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही. मुरुमांसाठी ती तेव्हा डॉक्सिसायक्लिन घेत होती. या औषधाने त्वचा अतिनील किरणांना एरवीपेक्षा लवकर भाजते. डॉक्टरांनी उन्हात जपायला सांगितलं होतं, पण सनबेड म्हणजेही ऊनच, हे आम्हा दोघींच्याही डोक्यात आलं नाही.

समारंभात ती छान दिसत होती. रात्री तिला पाठ टेकवेना. मी दिवा लावून पाहिलं तर पाठ एकसारखी तपकिरी, कुठे लाली नाही, फोड नाही. कपडा घासला असेल म्हणून मीच तिला झोपायला सांगितलं. पाचव्या दिवशी रंग खवल्यांसारखा सुटू लागला आणि खालची लालभडक, साल निघालेली कातडी दिसली. खांद्याची हाडं सनबेडच्या काचेवर टेकली होती तिथे फक्त दोन फिकट चट्टे होते. दाबामुळे रक्त कमी पोचतं, म्हणून तिथे रंग धरत नाही, हे नंतर कळलं.

महोदय, यात निव्वळ एका सलूनचा हलगर्जीपणा असता तर मी त्यांच्याशी भांडून मोकळी झाले असते. पण ही दोन कामं एकामागोमाग केली की असं होणारच, आणि ते का, हे आपल्यासमोर मांडायचं आहे.

अतिनील किरणांनी भाजलेली त्वचा लगेच लाल होत नाही. लाली तीन-चार तासांनी चढू लागते आणि बारा ते चोवीस तासांत सर्वांत गडद होते. स्प्रेमधला डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन, म्हणजे डीएचए, हा साखरेच्या कुळातला पदार्थ. तो त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरातल्या अमिनो आम्लांशी संयोग पावतो आणि तो थर तपकिरी होतो. हा रंगही काही तासांतच चढतो, बहुधा सहा ते आठ. म्हणजे लाली वर येण्याची आणि तिच्यावर रंग बसण्याची वेळ एकच. भाजल्याची खूण म्हणून त्वचा जे सर्वांत ठळक चिन्ह दाखवते, ते नेमकं त्याच वेळी झाकलं जातं. लाली दिसली असती तर माणूस पुढचं सत्र रद्द करतो, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवतो, डॉक्टरांकडे जातो. लाली दिसलीच नाही तर तो ठरल्या दिवशी पुन्हा दिव्याखाली जाऊन पडतो.

त्यातून स्प्रेचा रंग पाहून लोकांना वाटतं की आता आपल्याला थोडं कवच मिळालं. हा गैरसमज फार महागात पडतो. डीएचएचा रंग म्हणजे मेलॅनिन, त्वचेत आपोआप तयार होणारं रंगद्रव्य, नव्हे. त्याने मिळणारं संरक्षण अगदी नाममात्र असतं, तेही थोडाच वेळ. उलट २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात, भरपूर डीएचए लावलेल्या त्वचेवर किरण पडल्यावर पहिल्या ४० मिनिटांत, न लावलेल्या त्वचेपेक्षा १८० टक्क्यांहून जास्त मुक्त मूलके, म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू, तयार झाल्याचं दिसलं. तो प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे, त्यावरून कर्करोगाचं गणित मांडता येणार नाही हे मलाही कळतं. पण ताज्या स्प्रेवर सनबेड घेऊ देऊ नये, एवढं ठरवायला तो पुरेसा आहे.

सनबेडबद्दल मात्र शंकेला जागाच उरलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली टॅनिंगची अतिनील उपकरणं पहिल्या गटात टाकली, म्हणजे माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या, तंबाखूच्या पंगतीत. पस्तिशीच्या आत सनबेड वापरायला लागलेल्यांमध्ये मेलानोमाचा, म्हणजे त्वचेच्या एका जीवघेण्या कर्करोगाचा, धोका सुमारे ७५ टक्क्यांनी जास्त असल्याचं त्याआधीच्या त्यांच्याच आढाव्यात होतं; नंतरच्या एका विश्लेषणात हा आकडा ५९ टक्के आला. दोन्हींपैकी कोणताही धरा. काही शक्तिशाली सनबेडमधून निघणारे यूव्हीए (अतिनील किरणांचा एक प्रकार) किरण भर दुपारच्या उन्हाच्या दहा ते पंधरा पट तीव्र असतात. आपण ज्याला छान रंग चढला म्हणतो, ती पेशींच्या डीएनएला इजा झाल्यावर त्वचेने केलेली धडपड असते.

ब्राझीलने २००९ मध्येच सौंदर्यासाठीच्या सनबेडवर पूर्ण बंदी घातली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांना सनबेड बंद झाले. ऑस्ट्रेलियात क्लेअर ऑलिव्हर नावाची मुलगी २००७ साली मेलानोमाने गेली, अवघ्या सव्विसाव्या वर्षी. शेवटच्या दिवसांत ती सनबेडविरुद्ध जाहीरपणे बोलत राहिली. त्यानंतर नियम कडक होत गेले आणि २०१५ उजाडेपर्यंत तिथल्या बहुतेक राज्यांत व्यावसायिक सनबेड बंद झाले.

स्प्रे टॅनवर माझा राग नाही. सावळा रंग हवाच असेल तर दिव्यापेक्षा स्प्रे कितीतरी बरा, असं त्वचारोगतज्ज्ञही सांगतात. त्यातही काळजी घ्यावी लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डीएचएला फक्त बाहेरून लावण्यापुरती मान्यता दिली आहे. डोळे, ओठ, नाकातली नाजूक त्वचा आणि श्वास यांपासून तो दूर ठेवायचा असतो. फवाऱ्याच्या खोलीत नाकाला फिल्टर, डोळ्यांना चष्मा आणि ओठांना मलम याशिवाय कुणाला उभं करू नये. पण मला सलतं ते वेगळंच. जी वस्तू दिव्याला पर्याय म्हणून पुढे यायला हवी होती, तीच दिव्याची जोडीदार करून विकली जाते. स्प्रे घेणाऱ्याचा सनबेड सुटायला हवा होता, आणि इथे स्प्रेच्या सवलतीपायी माणूस सनबेडपर्यंत पोचतो.

आता तिळाबद्दल. पाठ बरी झाल्यावर तो तीळ आधीपेक्षा मोठा वाटला म्हणून आम्ही तज्ज्ञांकडे गेलो. मधल्या काळात तिने पाठीचे डाग लपवायला पुन्हा स्प्रे घेतला होता. डॉक्टरांनी भिंग टेकवलं, थोडा वेळ पाहिलं आणि बाजूला ठेवलं. डीएचएचा रंग तिळाच्या खडबडीत भागावर आणि कडेच्या बारीक चिरांत जास्त साठला होता. कड सरळ की वेडीवाकडी, रंग एक की दोन, काहीच धड कळत नव्हतं. रंग पूर्ण जाऊ द्या, मग या, असं ते म्हणाले. ते दहा दिवस आम्ही कसे काढले ते लिहीत नाही. तीळ काढला, अहवाल चांगला आला. मेलानोमात वेळेवर निदान होणं हाच सगळ्यात मोठा उपाय असतो, आणि ज्या त्वचेवर कायम दिव्याचा मारा आणि वर कायम रंगाचा लेप, तिच्यावरचा बदललेला तीळ घरच्यांना दिसणार कसा?

सलूनवाले म्हणतील की गिऱ्हाईक सज्ञान आहे, त्याची निवड. पण निवड करायला माहिती लागते, आणि ती कुणी देत नाही. ड जीवनसत्त्वाचं कारणही पुढे केलं जाईल. त्वचेत ते बनतं ते यूव्हीबी या दुसऱ्या प्रकारच्या अतिनील किरणांमुळे, आणि सनबेडमधून येतात ते मुख्यतः यूव्हीए. ड जीवनसत्त्व कमी असेल तर गोळी मिळते.

माझी पहिली विनंती सरळ आहे : सौंदर्यासाठीचे सनबेड बंदच करावेत. त्याला वेळ लागणार असेल तर तोवर निदान एवढं करा, की दोन्ही सेवांचं एकत्र पॅकेज विकता येणार नाही, आणि एका सेवेनंतर दुसरी घ्यायला किमान दहा दिवसांचं अंतर राहील, म्हणजे रंग उतरून खालची त्वचा दिसेल. अठरा वर्षांखाली कुणालाही दिव्याखाली जाऊ देऊ नये. जागतिक आरोग्य संघटना हे २००३ पासून सांगते आहे. चालू औषधं आणि तिळांची माहिती लेखी विचारावी. स्प्रेच्या प्रत्येक खोलीत, डोळ्यांसमोर, ‘या रंगाने ऊन किंवा सनबेडपासून संरक्षण मिळत नाही’ अशी पाटी असावी. आणि हे सगळं तपासायला माणूस पाठवावा, कारण तपासणी नसली की नियम कागदावरच राहतो.

बहिणीच्या परवानगीने तिच्या पाठीचे दोन फोटो सोबत जोडत आहे. एक समारंभाच्या संध्याकाळचा आणि दुसरा पाचव्या दिवशीचा. कृपया ते शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

आपली,
तिची थोरली बहीण