भाड्याचं घर, गिझर आणि सहा अँपिअरचा सॉकेट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार. थंडी सुरू झाली की भाड्याच्या घरांत गिझर बसायला लागतात, म्हणून आत्ताच लिहितेय.

मागच्या डिसेंबरात आम्ही पुण्यात वन बीएचके घेतला. बाथरूममध्ये पॉवर पॉइंटच (जाड पिनांचा 16 अँपिअरचा सॉकेट) नव्हता, आमच्याकडे आधीचा 3000 वॅटचा इन्स्टंट गिझर होता, तर दुकानदाराने जाड पिनांचा प्लग छोट्या सॉकेटमध्ये बसवायचं कन्व्हर्टर दिलं आणि म्हणाला सगळे हेच लावतात. आठवड्याभरात जळका वास, बघते तर सॉकेट तपकिरी आणि प्लग वितळून आत चिकटलेला. मुलगा तेव्हा आंघोळ करत होता हो.

लोक "जास्त व्होल्टेजची वस्तू" म्हणतात पण घरात व्होल्टेज सगळ्यांना 230च मिळतं, फरक वॅटचा. 3000 भागिले 230 म्हणजे 13 अँपिअर, आणि तो सॉकेट 6चा! करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. एक्स्टेंशन बोर्ड लावला तरी तेच, तोही बहुतेक 6चाच असतो.

मग एकजण आला तो म्हणे एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडतोय ना, 32 अँपिअरचा टाकून देतो. कृपा करून कुणी हे करू नका, एमसीबी वायर वाचवायला असतो, तो मोठा केला की तो पडणार नाही, आतली वायर तापत राहील. शेवटी लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याने सॉकेट उघडून दाखवलं, अर्थिंगचं भोक होतं पण मागे वायरच जोडलेली नव्हती!! डीबीपासून (घरातला एमसीबींचा मुख्य बोर्ड) 4 स्क्वेअर एमएमच्या वायरची वेगळी लाइन, 20चा एमसीबी, 16 अँपिअरचा सॉकेट आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट बाहेर गळाला की लाइन तोडणारा स्विच), एवढं काम एका दुपारीत झालं. शॉक लागला तर एमसीबी पडेलच असं नाही, माणूस वाचवायला आरसीसीबीच लागतो.

मालक आधी "तुमचा गिझर, तुमचा खर्च" म्हणाले, मग निम्मे दिले. पण लाइन तर त्यांच्याच भिंतीत राहणार ना? अकरा महिन्यांच्या अ‍ॅग्रीमेंटला पंखे, ट्यूब, नळ सगळ्याची यादी जोडतात, तिच्यात पॉवर पॉइंट, अर्थिंग आणि आरसीसीबी पण लिहा, आणि चावी घ्यायच्या आधी तपासून घ्या. आरसीसीबीवर टेस्टचं बटण असतं, ते दाबलं की लाइट गेली पाहिजे. मी दर एक तारखेला भाडं पाठवलं की लगेच ते दाबून बघते.

– एक भाडेकरू, पुणे