20 मिलिग्रॅमचे संशोधन तालुक्यापर्यंत पोहोचावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगावर नवे औषध निघाल्याची बातमी छापून आली की दोन-चार दिवसांत कोणीतरी मोबाइलवर तिचा फोटो घेऊन माझ्या दुकानात येतो. मंगळवेढ्यात माझे औषधांचे दुकान आहे. आमच्या भागात मावा आणि तंबाखू घरोघरी, त्यामुळे जिभेचा, गालाचा, जबड्याचा कर्करोग झालेले रुग्णही गावोगावी. फोटो दाखवणारा आधी किंमत विचारतो. मग आवाज खाली आणून म्हणतो, ‘‘ताई, रान विकायची तयारी हाय, पण गुण येईल का?’’

अशा बातम्या जरूर छापाव्यात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून घडवलेल्या कार-टी पेशी उपचाराचे (यात रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून कर्करोगाशी लढायला परत सोडतात) एप्रिल 2024 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झाले, तेव्हा मला मनापासून अभिमान वाटला होता. पण हा उपचार रक्ताच्या ठरावीक कर्करोगांसाठी आहे, हे मला नंतर अनेकांना समजावून सांगावे लागले. तोंडाच्या कर्करोगाच्या घरातली माणसेही आशेने चौकशीला येत होती. म्हणूनच आमच्याकडच्या रुग्णांच्या थेट उपयोगाच्या एका संशोधनाकडे मला लक्ष वेधायचे आहे.

निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारे इंजेक्शन आहे. कर्करोगाच्या पेशी आपल्या प्रतिकारपेशींवरच्या ‘पीडी-1’ या रोधकाचा फायदा घेऊन त्यांना थोपवून धरतात. हे औषध तो रोधक झाकून टाकते. पीडी-1 शोधणारे जपानचे तासुकू होंजो यांना 2018 चे नोबेल मिळाले. औषधाची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम. ती मध्यमवर्गीयालाही परवडत नाही, मग शेतमजुराचे काय सांगावे?

मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोके व मानेचा कर्करोग बळावलेल्या 151 रुग्णांवर एक चाचणी केली. निम्म्यांना फक्त तीन स्वस्त गोळ्या दिल्या: मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब. उरलेल्यांना त्याच गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅब दिले, पण फक्त 20 मिलिग्रॅम. सहा आठवड्यांचा हिशेब केला तर रूढ पद्धतीत 720 मिलिग्रॅम लागतात आणि इथे 40, म्हणजे अठरावा हिस्सा. केवळ गोळ्या घेणाऱ्यांपैकी वर्षभरानंतर सुमारे 16 टक्के हयात होते, इंजेक्शनही मिळालेल्यांपैकी सुमारे 43 टक्के. गंभीर दुष्परिणामांत फारसा फरक पडला नाही.

हे निष्कर्ष मी पुन्हा पुन्हा वाचले. या गोळ्या मी स्वतः विकते. मेथोट्रेक्सेट ‘आठवड्यातून एकदाच’ घ्यायचे, हे पाकिटावर लाल शाईने लिहून देते, कारण ती गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतते. गोळ्या घेऊनही खचत गेलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यामुळे 16 आणि 43 यांतला फरक म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

इतक्या कमी मात्रेने गुण का येत असावा, याचे उत्तर मात्रा ठरवण्याच्या जुन्या रीतीत आहे. केमोथेरपीत रुग्णाला सोसेल तितकी जास्तीत जास्त मात्रा द्यायची, हा नियम अनेक दशके चालत आला. पण निवोलुमॅबच्या सुरुवातीच्या चाचण्यांतच असे दिसले होते की वजनाच्या किलोमागे सुमारे 0.3 मिलिग्रॅम औषध गेले की पीडी-1 चे रोधक जवळपास व्यापले जातात. साठ किलोच्या माणसाला हे प्रमाण 18 मिलिग्रॅम पडते. त्यापुढे कितीही ओतले तरी व्यापायला फारसे उरत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकानेही 2021 पासून कंपन्यांना मात्रेचा नव्याने विचार करायला लावणारा उपक्रम सुरू केला आहे.

प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या अबिराटेरॉन या औषधाचेही तसेच. रूढ मात्रा रोज उपाशीपोटी 1000 मिलिग्रॅम, म्हणजे 250 च्या चार गोळ्या. शिकागो विद्यापीठातील डॉक्टरांनी 72 रुग्णांच्या चाचणीत हलक्या न्याहारीबरोबर एकच गोळी देऊन पाहिली आणि पीएसए (या कर्करोगाचा अंदाज देणारा रक्तातला घटक) उतरण्यात ती चार गोळ्यांपेक्षा कमी पडली नाही. अभ्यास छोटा आहे, आणि डॉक्टरांना न विचारता कोणीही आपल्या गोळ्या कमी करू नयेत, हे मी आवर्जून सांगते. पण हाच प्रश्न मोठ्या चाचणीत तपासायला कोणती कंपनी पैसे घालेल? चारऐवजी एक गोळी पुरते हे सिद्ध झाले तर तिची विक्री पाव होईल. टाटाच्या चाचणीतही कमी मात्रेची तुलना गोळ्यांशी आहे, पूर्ण मात्रेशी नाही. ती समोरासमोरची तुलना व्हायची तर सरकारलाच पुढे यावे लागेल.

ही अशक्य गोष्ट नाही. देशभरातील कर्करोग रुग्णालयांना जोडणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने 40 औषधांची एकत्रित खरेदी करून सुमारे 82 टक्के बचत करून दाखवली आहे. याच जाळ्यातून मात्रेच्या चाचण्या व्हाव्यात आणि त्यांना अर्थसंकल्पात वेगळी तरतूद असावी, अशी माझी केंद्र सरकारला विनंती आहे.

राज्य सरकारकडे माझे मागणे लहान आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या उपचार यादीत डोके-मानेच्या कर्करोगासाठी 20 मिलिग्रॅमच्या या पद्धतीचा स्पष्ट शब्दांत समावेश असावा. ही मात्रा द्यायची की नाही ते डॉक्टरांनी ठरवावे, पण कागदावर जागा नाही म्हणून ती अडू नये.

आणखी एक अडचण आहे. निवोलुमॅबची लहान कुपी 40 मिलिग्रॅमची येते, म्हणजे तीत दोघांची मात्रा असते. कुपी एकदा उघडली की उरलेले औषध फार वेळ ठेवता येत नाही आणि ते काढायचे काम निर्जंतुक कक्षातच व्हावे लागते. माझ्या दुकानात ते होणार नाही, मी करूही नये. म्हणून योजनेतल्या रुग्णालयांनी दोन-दोन रुग्णांच्या जोड्या लावून आठवड्याचा एक वार ठरवावा आणि तो रुग्णाला आठ दिवस आधी फोनवर कळवावा. आमच्याकडून पहाटेची एसटी धरून येणाऱ्याला जोडीदार आला नाही म्हणून इंजेक्शनाविना परत जावे लागू नये.

आपली,
एक औषध विक्रेती
मंगळवेढा, जि. सोलापूर